द्राक्षबागेतला डेरा

मराठीत ‘डेरा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक तंबू आणि दुसरा ताक घुसळण्याचे मोठे मडके. दोन्ही अर्थ एकाच मुळातून निघाले, की दोन निराळ्या घराण्यांतले शब्द योगायोगाने एका नावाचे झाले, हा प्रश्न मी दर वर्षी वर्गात विचारतो आणि दर वर्षी तास संपल्याची घंटा मला वाचवते. पण पोर्तुगालात, दोरू नदीच्या खोऱ्यात, किंता दा पाशेका नावाचा एक जुना द्राक्षमळा आहे. तेथे हे दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात. वाइनच्या पिंपाच्या आकाराच्या मोठाल्या लाकडी खोल्या तेथे वेलींच्या शेजारी आडव्या मांडून ठेवल्या आहेत. आत पलंग, न्हाणीघर, सारे काही. प्रवासी दिवसा पिंपातली वाइन पितो आणि रात्री पिंपात झोपतो! कॅलिफोर्नियात सोनोमा हा असाच द्राक्षांचा मुलूख. तेथे ‘सफारी वेस्ट’ या ठिकाणी जिराफ आणि झेब्रे पाळलेले आहेत आणि पाहुण्यांना आफ्रिकेच्या धर्तीच्या तंबूंत उतरवतात. वाइन चाखून तंबूत परतणाऱ्याला समोर जिराफ दिसला, तर त्याने दोष कोणाला द्यावा?

या साऱ्या प्रकाराला इंग्रजीत ‘ग्लॅम्पिंग’ म्हणतात. ‘ग्लॅमर’ आणि ‘कँपिंग’ या दोन शब्दांचे हे लग्न. मराठीत याला काय म्हणावे, हा प्रश्न मी आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत टाकला. एकाने ‘विलासशिबिर’ सुचवले. पण शिबिर म्हटले की आम्हां मास्तर लोकांना राष्ट्रीय सेवा योजना, सतरंजी आणि पहाटेची प्रभातफेरी आठवते. विलास जवळपास फिरकत नाही. अखेर घरी आमच्या सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता तोड काढली. “सरळ ऐटीचा तंबू म्हणा की!” या लेखापुरता मी तोच शब्द चालवणार आहे.

ऐटीच्या तंबूसाठी पोर्तुगालला जायला हवे असे मात्र नाही. आमच्या गोदावरीच्या काठी तो आता चांगला रुजला आहे. नाशिकची द्राक्षे जुनी, पण ती खाण्याची. वाइनच्या द्राक्षांचे दिवस तसे अलीकडचे. राजीव सामंत कॅलिफोर्नियातले शिक्षण आणि नोकरी आटोपून परतले, नाशिकजवळच्या घरच्या जमिनीत त्यांनी १९९७ च्या सुमारास वाइनची द्राक्षे लावली आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. आईचे नाव सुलभा, म्हणून मळ्याचे नाव ‘सुला’. दारूच्या धंद्याला आईचे नाव, हे ऐकून काही वाचकांच्या भुवया वर जातील. पण मुलाने जमिनीतून उभे केलेले पहिले काम आईच्या नावाने करावे, यात मला तरी खास मराठी काळीज दिसते. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, विंचूरला वाइन पार्क झाला, आणि पाहता पाहता गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, इगतपुरी अशा गावांभोवती वाइनरी दिसू लागल्या. मागोमाग पाहुणे आले आणि पाहुण्यांमागोमाग मुक्कामाच्या तऱ्हा. कोठे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून कापडी तंबू, कोठे झाडाच्या उंचीवर बांधलेली खोली, कोठे छतातून तारे दिसावेत म्हणून पारदर्शक घुमट.

गेल्या जानेवारीत, प्रजासत्ताकदिनाला जोडून रजा काढून, आम्ही अशाच एका तंबूत दोन रात्री राहिलो. आम्ही म्हणजे मी, सौभाग्यवती, अकरावीतली कन्या आणि माझी आई. भाडे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “एवढ्यात महिन्याचा किराणा येतो.” कन्या म्हणाली, “किराण्याचे फोटो कोण काढतं?” पण खरी अडचण पैशाची नव्हती. आईचे वय शहात्तर. खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घरातली ती. तिच्या धाकट्या भावाचा संसार बाटलीपायी धुळीला मिळाला, आणि त्या दिवसापासून दारू या शब्दाभोवती तिने एक भिंत बांधून टाकलेली. “दारूच्या कारखान्यात मी कशाला येऊ?” एवढेच ती म्हणाली. रोज रात्री दोन चमचे द्राक्षासव घेऊन ती झोपते, त्यातही आंबवलेले मद्य असते, हे मी तिला सांगितले नाही. मास्तरने कोठे थांबावे, हे त्याला कळले पाहिजे. अखेर “द्राक्षाचं शेत बघायला ये,” असे कन्येने म्हटले आणि आई निघाली. शेत म्हटल्यावर ती नाही म्हणूच शकत नाही.

पुण्याहून नाशिकला जाताना वाटेत नारायणगाव लागते. १९८० च्या दशकात ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाइन येथेच तयार झाली आणि परदेशी गेली. आम्ही तेथे चहा घेतला.

आता तंबूविषयी. बाहेरून तो तंबू. आत लाकडी तक्तपोशी, जाड गाद्या, विजेचे दिवे, गरम पाणी आणि हीटर. पहिला तासभर घरची मंडळी तो तंबू नसल्याचे पुरावे शोधत होती. पण संध्याकाळ झाली, वारा सुटला आणि कापडाची भिंत श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होऊ लागली. धरणाच्या बाजूने टिटवी ओरडली ती जणू उशाशी. दूर कोणाचा तरी पंप चालू झाला, बंद पडला. फ्लॅटच्या भिंतीतून आम्हांला फक्त शेजाऱ्यांची टीव्हीवरची मालिका ऐकू येते. येथे रात्रच ऐकू येत होती. तंबूची सारी किंमत मला तेथे कळली. गादी, हीटर, दिवे हे हॉटेलातही मिळते; तंबूत मिळते ती पातळ भिंत.

दुसऱ्या दिवशी वाइन चाखण्याचा कार्यक्रम. कायद्याने वाइनसाठी वयाची एकवीस वर्षे लागतात, म्हणून कन्येच्या हाती द्राक्षाचा रस. चाखवणारा तरुण मोठा तयारीचा. आधी पांढऱ्या, मग तांबड्या. पेला फिरवायचा, हुंगायचा आणि मग घोट. शेनिन ब्लांमध्ये पेरू, सोव्हिन्याँ ब्लांमध्ये ढोबळी मिरची, शिराझमध्ये काळी मिरी लागते, असे त्याने सांगितले आणि लगेच सगळ्यांना पेरू, मिरची आणि मिरी लागू लागली. परीक्षेत कवितेचे रसग्रहण असेच होते, मार्गदर्शकात छापलेले सर्वांना जाणवते. पण त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मला फार आवडली. युरोपात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. आपल्या हवेत तिला ती गाढ झोप नाही. म्हणून आपला शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार व्हावी म्हणून. आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, ती फळासाठी. पीक मात्र एकच. निसर्गाने न दिलेली विश्रांती माणसाने कात्रीने द्यायची!

तेव्हा हा अंक हातात घेऊन दिवाळीच्या सुट्टीत कोणी निघणार असेल, तर सांगून ठेवतो की या दिवसांत वेलींवर घड नसतात. छाटणीनंतरची पालवी असते. घड पाहायचे तर जानेवारी ते मार्चच्या सुमारास जावे. वाइनची द्राक्षे पाहून मात्र निराश होऊ नका. ती बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. तांबड्या वाइनचा रंग त्या सालीतच असतो. साल काढून नुसता रस आंबवला तर बहुतेक काळी द्राक्षेही जवळजवळ पांढराच रस देतात.

त्या दिवशी पहाटे आई माझ्या आधी उठून बाहेर गेलेली होती. द्राक्षे थंडीतच खुडतात, ऊन चढले की फळ तापते. धुक्यात वेलींच्या रांगांतून कात्र्यांचा आवाज येत होता आणि प्लॅस्टिकचे क्रेट भरत होते. आई बांधावर एका बाईशी बोलत उभी. बाई सुरगाण्याकडची, छाटणीला टोळीबरोबर उतरते आणि काढणी उरकून परत जाते. नाशिकच्या द्राक्षबागा पेठ-सुरगाण्याच्या अशाच हातांवर उभ्या आहेत. वेलीचा कोणता डोळा ठेवायचा आणि कोणता उडवायचा, हे ती आईला बोटाने दाखवीत होती. मग तिने आमच्या तंबूकडे पाहिले.

“तुम्ही बी पालातच राहता का, आजी?”

“हो गं. दोन रात्री.”

“आम्ही चार महिने,” ती म्हणाली आणि हसली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एका पालातल्या बाईने दुसरीची विचारपूस केली, एवढेच. बांधापलीकडे निळ्या ताडपत्रीची चार-पाच पाले मला तेव्हा प्रथम दिसली. एकीपुढे चूल पेटलेली होती आणि स्वेटरवर स्वेटर घातलेले एक पोर शेकत बसले होते.

त्या रात्री आईने हीटर बंद करायला लावला. “बाहेर गारठा किती आहे ते कळू दे,” म्हणाली. कन्या कुरकुरली, पण दोन गोधड्यांत शिरली. हीटर बंद केल्याने त्या पालात ऊब जात नाही, हे आईला कळत नव्हते असे नाही. तिला काय कळून घ्यायचे होते, ते तिचे तिला ठाऊक. मी एवढेच पाहिले की दारूच्या कारखान्याला यायला जी तयार नव्हती, ती निघताना त्या बाईला विचारत होती, “पुढल्या वर्षी याच बागेत असशील का गं?”

घरी येऊन मी पुष्कळ विचार केला. ऐटीचा तंबू ही चैन आहे, आणि चैनीला मी नावे ठेवणार नाही; वर्षभर राबणाऱ्या घराने दोन दिवस चैन करावी. शिवाय द्राक्षाचे पीक लहरी. ऐन काढणीत गारपीट झाली तर वर्ष वाया जाते. पाहुण्यांचा पैसा हा बागाईतदाराला आधारच आहे. पण हजारो रुपये मोजून आपण जी पातळ भिंत विकत घेतो, तिच्यातून ऐकू येणारे सगळेच ऐकावे. टिटवी ऐकावी आणि कात्रीही ऐकावी.

तेव्हा अशा मुक्कामाला जाणाऱ्यांना माझ्या दोन सूचना. पहिली, मुक्काम निवडताना गादीच्या जाडीपेक्षा वेलींचे अंतर विचारा. खरी, कामाची बाग दाराशी नसेल, तर तो तंबू लग्नाच्या मांडवातही उभा करता येईल. दुसरी, मालकाशी गप्पा मारताना सहज विचारा, “काढणीची माणसं राहतात कुठे?” भांडणाच्या सुरात नको, आपण गावाची, पाण्याची चौकशी करतो तशी. आम्ही विचारले. मालक भला गृहस्थ. थोडा वेळ थांबून म्हणाला, “आजवर कोणी पाहुण्यानं विचारलं नव्हतं.” त्याने लगेच काही वचन दिले नाही आणि आम्ही मागितलेही नाही. पण गरम पाणी, हीटर, तक्तपोशी हे सारे पाहुण्यांनी विचारले म्हणूनच तंबूत आले ना? पाहुण्याचा प्रश्न मालकाच्या वहीत फार लवकर उतरतो. दहा घरांनी हा प्रश्न विचारला, तर बांधापलीकडेही एखादे पक्के छप्पर आणि एखादी न्हाणी उभी राहायला वेळ लागणार नाही.