औषधालयाचे सॉफ्टवेअर करवून घेताना

रुग्णास चूर्णाची एक पुडी देण्यापूर्वी आपण नाडी, मूत्र, मल, जिव्हा अशी अष्टविध परीक्षा करतो. औषधालयासाठी सॉफ्टवेअर करवून घेण्याचा लाखभर रुपयांचा व्यवहार मात्र आपल्यापैकी कित्येक जण दूरध्वनीवरच उरकतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील व्यावसायिक बंधु-भगिनींकडून आमच्या कानी येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा येथेच असते.

अशा सॉफ्टवेअरची गरज आम्हास मान्य आहे. बाजारातील तयार प्रणाली मेडिकल दुकानासाठी बेतलेली असते. तिला गोळ्यांची पट्टी आणि बाटली कळते. काढा आटवून चतुर्थांश उरविला, हे तिला कोठे सांगावयाचे? चूर्णाची आणि आसवारिष्टाची वापरमुदत नियमानेच निराळी आहे. शिवाय कच्च्या वनस्पतीची आवक, निवडल्या-वाळविल्यानंतरची घट आणि तयार मालाचा बॅच क्रमांक यांची सांगड अनुसूची टीनुसार ठेवावयाच्या नोंदींत दिसली पाहिजे.

इंदापूर तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका औषधनिर्मात्याने हे काम एका होतकरू तरुणावर सोपविले. बरीचशी रक्कम आगाऊ दिली. काम चोख झाले. पण पुढे त्या तरुणास पुण्यात नोकरी लागली. सर्व्हर त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्यापाशी. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले तेव्हा बिलातील दर बदलण्यास कोणीच नव्हते, आणि कित्येक दिवस बिले हाताने लिहावी लागली. तरुणास दोष देणे सोपे आहे. परंतु मालकांनी मागणी तीनदा बदलली होती, वाढीव कामाचा मोबदला दिला नव्हता आणि लेखी असे काहीच नव्हते, हेही आम्हास नमूद केले पाहिजे.

मोठ्यांचीही गत वेगळी नाही. जुलै २०२२ मध्ये राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील एचएमआयएस ही संगणक प्रणाली कंत्राटाच्या वादातून बंद पडली आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातसुद्धा केसपेपर पुन्हा हाताने लिहिले जाऊ लागले. शासनाची ही अवस्था, तर आपल्या चार खोल्यांच्या औषधालयाचे काय?

एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. बाहेरच्या माणसाकडून करवून घेतलेल्याचा हक्क मात्र सामान्यतः लिहिणाऱ्याकडेच राहतो, आपण पूर्ण पैसे मोजले असले तरी. तो आपल्याकडे यावा असे वाटत असेल तर सहीनिशी लेखी हस्तांतरण हवे. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाचच वर्षांची धरतो. वकिलास एकदा मसुदा दाखविण्याचा खर्च आम्ही वायफळ मानत नाही.

पैशाबाबत आमचे मत स्पष्ट आहे: काम तुकड्यांत पाडावे आणि रक्कमही तुकड्यांत द्यावी. आधी केवळ कच्च्या मालाची नोंद करवून घ्यावी. ती आपल्या भांडारातील माणसास वापरता आली तरच पुढे जावे. प्रत्येक हप्त्याबरोबर सोर्स कोड आपल्या ताब्यात घ्यावा. सर्व्हर आणि संकेतस्थळाचे नाव प्रथमपासूनच आपल्या नावे, आपल्या खात्यातून पैसे भरून घेतलेले असावे. बॅकअप रोज होतो असे सांगितले जाते. तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. जुनी वही किमान तीन महिने समांतर चालू ठेवावी, कारकुनाने कुरकुर केली तरी. आणि कर अथवा नियम बदलल्यास दुरुस्ती किती दिवसांत व कोणत्या दराने होईल, हे करारातच यावे.

ज्या सभासदांनी असा करार केला असेल त्यांनी त्याची प्रत, नावे व रक्कम झाकून, पुढील अंकापूर्वी संपादकांकडे पाठवावी. इतरांसाठी नमुना मसुदा तयार करण्याचा आमचा मानस आहे.