पाहुण्यांस महाल, मजुरांस काय?

माथेरानच्या वस्तीत खासगी मोटारींस बंदी आहे. म्हणून पाहुण्यांचा बहुतेक भार घोड्यांच्या पाठीवर व माणसांच्या हातांवर पडत आला. माणसाने माणसास ओढण्याची रीत सहा महिन्यांत संपवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, हे योग्यच झाले. परंतु रिक्षा सुटली म्हणजे निवारा मिळाला, असे नव्हे. २००३ पासून तो डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला असून नव्या बांधकामावर निर्बंध आहेत. ते आवश्यकच होत. पण जागा दुर्मिळ झाली की भाडे चढते, आणि चढत्या भाड्यापुढे प्रथम मजूरच हटतो. यात व्यापाऱ्यांचेही हित नाही. ज्याची कमाई भाड्यात व वाटखर्चात सरते, तो दुकानात काय खर्चणार? आणि ज्यास बिऱ्हाड नाही, त्याची मुले कोणत्या शाळेत जाणार?

आमच्या पूर्णाकाठच्या सिद्धेश्वर जलाशयापासून औंढा नागनाथाचे क्षेत्र दूर नाही. तेथे उद्या विश्रामगृहे उभी राहिली, तर हा धडा विसरू नये. पाहुण्याच्या खोलीआधी ती झाडणाऱ्याची खोली बांधावी, आणि परवानगी देणारांनी तशी अटच घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.