विश्लेषण : खऱ्यासारखे दिसणारे ख्रिसमस ट्री घेताना नेमके काय पाहावे?

डिसेंबर उजाडला की पुण्याच्या कॅम्पात आणि पिंपरी कॅम्पच्या बाजारपेठेत हिरव्या झाडांच्या पेट्या दुकानांबाहेर दिसू लागतात. ऑनलाइन बाजारातही ‘प्रीमियम’, ‘अगदी खऱ्यासारखे’ अशा विशेषणांची रेलचेल असते. भोसरी, मोशी ते चाकण या पट्ट्यात केरळ, तमिळनाडू, गोवा आणि राज्याच्या इतर जिल्ह्यांतून नोकरीसाठी आलेली अनेक ख्रिस्ती कुटुंबे राहतात. त्यातील बरीचशी भाड्याच्या वन बीएचकेत. त्यांच्यासाठी प्रश्न केवळ शोभेचा नाही. घेतलेले झाड घरात मावेल का, घर बदलताना टिकेल का आणि लहान मुलांसाठी सुरक्षित आहे का, हेही पाहावे लागते.

खरे झाड का मिळत नाही?

युरोप-अमेरिकेत नाताळला वापरली जाणारी फर, स्प्रूस ही झाडे थंड हवेची. पुणे परिसरातील रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळते ती बहुधा अरोकेरिया. ती मूळची दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरची. वसई, गोव्याच्या किनारपट्टीवर सुरूच्या फांद्या सजवण्याची जुनी पद्धत आहे. बाल्कनीत भरपूर उजेड असेल तर कुंडीतील अरोकेरिया हा चांगला पर्याय आहे. मात्र ती वर्षभर सांभाळावी लागते आणि घरात फार दिवस ठेवता येत नाही. त्यामुळे बहुतेक घरांत कृत्रिम झाडच येते.

पीव्हीसी आणि पीईमध्ये फरक काय?

खरेपणाचे गणित इथेच आहे. स्वस्त झाडाची पाने पीव्हीसीच्या पातळ पत्र्यापासून बनतात. पत्रा झालरीसारखा कापतात आणि दोन तारांच्या पिळात अडकवतात. पाने सपाट, एकाच रंगाची आणि चकचकीत दिसतात. महागड्या झाडाची टोके पॉलिथिलीनची, म्हणजे पीईची असतात. ती इंजेक्शन मोल्डिंगने तयार होतात. वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरायचे आणि थंड झाल्यावर भाग बाहेर काढायचा, ही प्रक्रिया भोसरी-चाकणच्या कामगाराला नवी नाही. गाडीचे अनेक प्लास्टिक भाग असेच बनतात. साचा खऱ्या डहाळीबरहुकूम असेल तर पानाला जाडी येते, देठ तपकिरी ठेवता येतो आणि हिरव्याच्या दोन-तीन छटा साधता येतात.

ओळखायचे कसे? टोक दोन बोटांत धरावे. कागदी झालरीसारखे चपटे लागले तर पीव्हीसी, भरीव लागले तर पीई. अनेक झाडांत बाहेरची टोके पीईची आणि आतला भराव पीव्हीसीचा असतो. नजर बाहेरच्या टोकांवरच जाते. त्यामुळे मध्यम खर्चात हे मिश्र झाड सर्वांत शहाणपणाचे ठरते. ऑनलाइन घेताना पीईचे प्रमाण आणि टोकांची संख्या लिहिली आहे का, ते पाहावे. दोन झाडांची तुलना करायची तर उंची सारखी असलेलीच निवडावीत. टोके कमी असली की मधला लोखंडी दांडा उघडा पडतो आणि पान कितीही सुंदर असले तरी झाड खोटे दिसते.

उंची किती घ्यावी?

सर्वाधिक फसगत इथे होते. राज्याच्या बांधकाम नियमावलीनुसार राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे सुमारे ९ फूट. त्यात पंखा खाली लोंबतो आणि झाडाच्या टोकावर तारा बसतो. शिवाय उंचीबरोबर घेरही वाढतो. भरगच्च ७ फुटी झाडाचा घेर ४ फुटांच्या पुढे जाऊ शकतो. छोट्या हॉलमध्ये त्याचा अर्थ सोफा हलवणे असाच होतो. अशा घरात ५ फुटांचे, निमुळत्या घेराचे झाड पुरते. कोपऱ्यासाठी किंवा भिंतीला टेकवण्यासाठी अर्धी झाडेही मिळतात. सात फुटांचे विरळ झाड घेण्यापेक्षा त्याच पैशांत पाच फुटांचे दाट झाड अधिक खरे दिसते.

सुरक्षिततेचे काय?

पीई दिसायला सरस असले तरी सहज पेटते. त्यामुळे ज्वालारोधक असल्याची नोंद पेटीवर हवी. त्याचा अर्थ झाड पेटतच नाही असा नव्हे, उशिरा पेटते एवढाच. फांद्यांवर मेणबत्त्या नकोत. एलईडी माळा फारशा तापत नाहीत. त्यांच्या पेटीवर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. रात्री झोपताना किंवा शिफ्टला जाताना माळ बंद करावी.

पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी पूर्वी शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. केंद्राने २०२१ मध्ये त्याविरुद्ध नियम केले, पण ते पाण्याचे पाइप आणि त्यांच्या जोडभागांपुरते. सजावटीच्या वस्तू त्यात येत नाहीत. म्हणून जुने, भुरा पडणारे झाड रांगत्या मुलाच्या हाताला लागू देऊ नये आणि झाड लावल्यावर हात धुवावेत.

किती वर्षे वापरायला हवे?

ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार २ मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन उत्सर्जन होते. खऱ्या झाडाच्या तुलनेत ते परवडण्यासाठी किमान १० वर्षे वापरावे लागते. दर ११ महिन्यांनी भाडेकरार संपणाऱ्या कुटुंबासाठी ही अट सोपी नाही. म्हणून बांधणी पाहावी. पायाचा स्टँड लोखंडी असावा. बिजागरीच्या फांद्या झटपट उघडतात, तर हुकाच्या फांद्या सुट्या करून ठेवाव्या लागतात. पुठ्ठ्याची पेटी दोन-तीन वर्षांत फाटते, त्यामुळे चेनची जाड पिशवी बरी. माळ्यावर ठेवताना गच्चीखालची तापणारी जागा टाळावी.

झाड फेकल्यावर कुठे जाते?

प्लास्टिक आणि तार एकमेकांत पिळलेली असल्याने त्याचा पुनर्वापर जवळपास होत नाही. भंगारवाला दांडा आणि स्टँड तेवढे घेतो. उरलेले कचऱ्यात, म्हणजे मोशीच्या डेपोत. तेथे ऑगस्ट २०२३ पासून कचऱ्यापासून वीज बनवणारा प्रकल्प आहे. मात्र पीव्हीसीमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक क्लोरीन असते आणि ते जळताना आम्लवायू तयार होतो. घराजवळ किंवा कंपनीमागे तार काढण्यासाठी झाड जाळणे तर अधिकच घातक. वापरात नसलेले, पण धड असलेले झाड चर्चला, शाळेला किंवा सोसायटीतील नव्या कुटुंबाला द्यावे.

झाड महाग की स्वस्त, हे पेटीवरच्या किमतीवरून ठरत नाही. ती किंमत किती नाताळांत वाटली गेली, यावर ठरते. दरवर्षी नवे घ्यावे लागणारे स्वस्त झाड शेवटी खिशालाही जड जाते आणि मोशीलाही. बेताच्या उंचीचे, दाट आणि नीट घडी होणारे झाड एकदाच घ्यावे. ते दहाव्या वर्षीही हॉलच्या कोपऱ्यात उभे राहिले, तर निवड योग्य होती असे म्हणता येईल.