तारखांची वही आता फोनमध्ये

'लिहून ठेवा' हे आपण केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत आलो. कधी मारलं, काय बोलला, तेव्हा कोण हजर होतं, सगळं तारखेसकट. पण लिहायचं कुठे? पिंपळे गुरवच्या भाड्याच्या एका खोलीत पाच माणसं राहतात. तिथे वही लपवायला जागा नसते. एकीने तांदळाच्या डब्यात ठेवलेली वही सासूच्या हाती लागली. दोन वर्षांच्या तारखा फाडून टाकल्या गेल्या.

म्हणून फोनमधल्या नोंदींचं मला अप्रूप वाटलं. मी स्वतः एव्हरनोट वापरते. बसमध्ये उभ्याने टिपण करता येतं, जखमेचा फोटो जोडता येतो, कामाला तारीख लावली की ते आठवण करून देतं. (माझ्या यादीत 'गॅस बुक करणे' आणि 'कोर्टात हजर राहणे' शेजारीशेजारी असतात. यंत्राला दोन्ही सारखीच.) मी उत्साहाने इतरजणींनाही शिकवलं.

मग एक बाई आली. अशाच एका ॲपमध्ये तिने आठ महिने लिहिलं होतं. तेच खातं घरच्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलं होतं. नवऱ्याने सगळं वाचलं. फोनमध्ये लिहिलेलं दुसऱ्या यंत्रावरही दिसतं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. वही निदान एकाच जागी असते.

कंपन्यांचंही पाहा. नोंदी आपोआप वाचणारी यंत्रणा नीट चालते का, हे तपासायला आमचे काही कर्मचारी त्या वाचू शकतील, असं धोरण एव्हरनोटने 2016च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं. ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. 2023च्या डिसेंबरपासून फुकट वापरणाऱ्यांना फक्त 50 नोंदींची मर्यादा आली. आमच्याकडच्या एकीच्या तारखा चार महिन्यांतच त्याहून जास्त झाल्या होत्या. शिवाय 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. नुसता छापील कागद नेऊन भागत नाही.

तरी मी ॲप सोडलेलं नाही. रात्री अकराला पदराआड लिहिलेली ओळ दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेल्या ओळीपेक्षा खरी असते, हे मी पाहिलं आहे. आता मात्र शिकवताना आधी विचारते, फोन कोणाकोणाच्या हातात जातो? खातं आणखी कुठे उघडं आहे? पडद्यावर आठवणीची ओळ उमटते का? आणि महिन्यातून एकदा तिच्या तारखा केंद्राच्या रजिस्टरमध्ये तिच्यासमोर उतरवून घेते, खाली तिची सही. तिचं नाव मी माझ्या फोनमध्ये लिहीत नाही.

मागच्या आठवड्यात डायनासोर गार्डनमध्ये एकजण भेटली. घरी सांगून आली होती की पोराला झोपाळ्यावर नेते. मी तिला हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, तुमच्या रजिस्टरला कुलूप आहे ना?"

कपाटाला आहे. पण किल्ली वर्षानुवर्षं दारामागच्या खिळ्यावर लटकत होती. परवा ती तिथून काढली.