कोळसा संपला, मालकी संपली नाही

बदलापूरच्या शिरगावात विजेचे बटण दाबणाऱ्या कामगाराला चंद्रपूर हे नाव वर्तमानपत्रातील तापमानाच्या आकड्यापुरतेच ठाऊक असते. वास्तविक त्याच्या घराचे आणि चंद्रपूरचे नाते ७५२ किलोमीटर लांबीच्या एका तारेने जोडलेले आहे. चंद्रपूरहून भिवंडी तालुक्यातील पडघ्यापर्यंत १५०० मेगावॉट वीज वाहून आणणारी उच्चदाबाची वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. दुर्गापूर, पद्मापूर परिसरातील खाणींचा कोळसा चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळतो आणि त्याचा उजेड ठाणे जिल्ह्यात पडतो. राख मात्र तिकडेच राहते. तेव्हा कोळसा खाणींचा प्रश्न हा विदर्भाचा प्रश्न आहे, मुंबईच्या परिसरातील कार्यकर्त्यांनी त्यात पडण्याचे कारण नाही, ही समजूत जितकी सोयीची तितकीच खोटी आहे. शिवाय बारवी धरणाच्या वाढीव उंचीखाली ज्यांचे गावपाडे गेले त्यांना कबूल केलेल्या नोकऱ्यांसाठी किती उंबरठे झिजवावे लागले, हे बदलापूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. जमीन घेणाऱ्याचे आश्वासन आणि जमीन देणाऱ्याचे आयुष्य यांच्या मापात किती तफावत असते, हे त्यांना निराळे शिकवण्याची गरज नाही.

या प्रश्नाचा इतिहास वरोऱ्यापासून सुरू करणे योग्य ठरेल. चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याची खाण १८७१ पासून ब्रिटिश सरकारने स्वतः चालवली. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला. १९०६ मध्ये खाण बंद झाली, बल्लारपूरकडे नवी खाण निघाली आणि सरकारचे लक्ष कोळशाच्या मागोमाग पुढे सरकले. या घटनेतील एक गोष्ट समाजवाद्यांनी कायम ध्यानात ठेवावी अशी आहे. परकीय साम्राज्यशाहीनेही सरकारी मालकीची खाण चालवली होती. म्हणजे मालकीच्या पाटीवर ‘सरकार’ हा शब्द असला की समाजवाद आला, असे होत नाही. पाटीमागे कोण बसले आहे आणि तो कोणाला जाब देतो, हे पाहावे लागते.

याचा अर्थ १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाचे मोल कमी होते असा कोणी करू नये. खासगी खाणमालकांनी देशाच्या कोळशाची जी लूट चालवली होती तिला तोड नव्हती. वरचा, सोपा, उत्तम कोळसा ओरबाडायचा, खालचे थर नासवून टाकायचे, सुरक्षिततेवर दमडी खर्च करायची नाही, मजुराला हजेरीपटावर यायचेच असेल तर ठेकेदारामार्फत, अशी ती पद्धत होती. १९७२ मध्ये कोक-कोळशाच्या आणि १ मे १९७३ रोजी उरलेल्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. मोहन कुमारमंगलम यांनी हा निर्णय हिरिरीने पार पाडला. १९७५ मध्ये कोल इंडिया उभी राहिली आणि नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजेच वऱ्हाड-नागपूरकडच्या लोकांची ‘वेकोलि’, अस्तित्वात आली. खाणकामगाराला पगाराची शाश्वती, भविष्यनिर्वाह निधी, घर, दवाखाना मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात झालेल्या चासनाळ्याच्या दुर्घटनेत पावणेचारशेच्या आसपास माणसे पाण्याखाली गेली आणि सरकारी मालकी म्हणजे सुरक्षितता नव्हे हेही दिसले. तरीही कामगाराच्या दृष्टीने ते पाऊल पुढचेच होते.

पण राष्ट्रीयीकरणाने खाणीचा मालक बदलला. ज्या जमिनीत खाण होती तिच्याशी असलेले राज्यसंस्थेचे नाते मात्र बदलले नाही. ते नाते आधीच, १९५७ च्या कोळसाधारी क्षेत्र (संपादन व विकास) कायद्याने ठरून गेले होते. हा कायदा विलक्षण आहे. त्यानुसार सरकारने एकदा अधिसूचना काढली की हितसंबंधिताला हरकत घेण्यासाठी तीस दिवस मिळतात. त्यानंतर पुढची अधिसूचना निघते आणि जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे निखालसपणे जाते. बोजांतून मुक्त! शेतकऱ्याची वहिवाट, कुळाची कसणूक, गुराख्याची चराई, आदिवासीचे मोहाचे झाड हे सगळे कायद्याच्या भाषेत बोजे आहेत. पुढे ती जमीन सरकारी कंपनीच्या नावे करता येते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांची तपासणी आणि संमती यांचा थोडाफार आधार दिला, तेव्हा कोळशाचा हा कायदा त्याच्या कक्षेतून वगळण्यात आला. २०१५ मध्ये नुकसानभरपाई व पुनर्वसनाच्या तरतुदी त्याला लागू झाल्या, पण संमती आणि सामाजिक तपासणी बाहेरच राहिली. पैसे वाढवून देऊ, पण विचारणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

इतका कठोर कायदा कशासाठी? उत्तर ठरलेले होते: कोळशासाठी, राष्ट्राच्या गरजेसाठी. अनेक शेतकऱ्यांनी ते उत्तर मानलेही. मग आज विचारण्याचा प्रश्न अगदी साधा आहे. कोळसा संपल्यावर काय? ज्या कारणासाठी सातबाऱ्यावरचे नाव खोडले ते कारणच संपले, तर त्या खोडण्याचे समर्थन कशाच्या बळावर करायचे?

या प्रश्नाची राज्यकर्त्यांना किती घाई होती ते पाहा. खाण बंद करण्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे निघाली ती २००९ मध्ये, म्हणजे राष्ट्रीयीकरणानंतर छत्तीस वर्षांनी. खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी एक लाख रुपये, त्या वेळच्या दराने, बंदीच्या कामासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावेत असे त्यांत ठरले. २००९ पूर्वीच बंद पडलेल्या खाणींचा विचार व्हायला २०२२ उजाडले. आणि रीतसर बंद झाल्याचे प्रमाणपत्र देशात पहिल्यांदा मिळाले ते २०२५ मध्ये, वेकोलिच्याच पाथाखेडा परिसरातील तीन खाणींना. वरोऱ्याची खाण बंद झाल्याला तोवर एकशे एकोणीस वर्षे लोटली होती. मधल्या काळात ज्या खाणी नुसत्याच सोडून दिल्या गेल्या, त्यांचे खड्डे पावसाचे पाणी साठवीत राहिले आणि त्यांतून काढलेल्या मातीचे डोंगर पावसागणिक नदीनाल्यांत उतरत राहिले.

आता मात्र बंद खाणींना अचानक भाग्य आले आहे. नागपूरजवळ सावनेरला २०१६ मध्ये वेकोलि आणि पर्यटन महामंडळाने मिळून खाण-पर्यटन सुरू केले. तेथील उद्यानात भूमिगत खाणीची प्रतिकृती आहे, मुलांसाठी छोटी रेल्वे आहे. पाटणसावंगीच्या खाणीतील पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटलीत भरले जाते. उद्यानाशी कोणाचे वैर असण्याचे कारण नाही. नागपूरच्या मुलाने त्या रेल्वेत बसावे, खाणीत माणूस कसा राबतो ते पाहावे, यात चांगलेच आहे. पण खाणीमुळे ज्यांच्या विहिरींचे पाणी खाली गेले त्यांच्याच पोटातून उपसलेले पाणी बाटलीत घालून त्याला विकासाचे उदाहरण म्हणायचे, यासाठी मन बरेच निर्ढावलेले असावे लागते.

उद्यान आणि बाटली ही दर्शनी बाजू झाली. खरी गोष्ट घडली ती १३ एप्रिल २०२२ रोजी. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९५७ च्या कायद्याखाली घेतलेल्या, पण कोळसा संपलेल्या किंवा कोळसा न निघालेल्या जमिनींच्या वापराचे धोरण मंजूर केले. मालकी सरकारी कंपनीकडेच राहील, परंतु जमीन स्पर्धात्मक बोलीने भाडेपट्ट्यावर देता येईल. कोळसा धुण्याचे कारखाने, औष्णिक आणि अपारंपरिक वीजप्रकल्प, कोळशापासून वायू व रसायने बनवण्याचे प्रकल्प अशी यादी आहे. प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसनही त्या यादीत आहे, अनेक उपयोगांपैकी एक उपयोग म्हणून. आणि या धोरणाची निकड पटवताना सरकारने कारण काय दिले? अशा जमिनींवर अतिक्रमण होण्याचा धोका असतो आणि त्यांच्या राखणीवर विनाकारण खर्च होतो.

अतिक्रमण! ज्याच्या आजोबाने त्या मातीत ज्वारी पेरली, तो शेळ्या घेऊन परत आला तर तो अतिक्रमक. आणि ज्याने ते गाव नकाशावरही पाहिले नाही, तो बोली लावून आला तर गुंतवणूकदार. भांडवलशाही राज्यव्यवस्थेची सबंध नीती या दोन शब्दांच्या वापरात उघडी पडते. कोळशासाठी घेतलेली जमीन कोळशाविना ठेवायची असेल तर ती राष्ट्राची गरज राहत नाही, ती निव्वळ जमीनदारी होते. जमीनदार सरकारी आहे, एवढाच फरक.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला व्यवहारवाद्यांचा. दीडशे फूट खोल खड्डा शेतकऱ्याला परत देऊन तो काय करणार, असे ते विचारतात. प्रश्न हुशारीचा आहे, प्रामाणिकपणाचा नाही. खड्डा तसाच का राहिला, हे आधी सांगा. शिवाय वेकोलिने घेतलेली सगळीच जमीन काही खड्डा नाही. वसाहती, रस्ते, भूमिगत खाणींवरची सपाट राने, कधीच न खणलेले पट्टे त्यात आहेत. सौरप्रकल्पासाठी जी जमीन बोलीदाराला चालते, ती गावाच्या सहकारी संस्थेला का चालू नये? भाडे कंपनीच्या तिजोरीत जाते, ते ग्रामसभेकडे का जाऊ नये?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो आपल्याच बाजूने येतो. सार्वजनिक क्षेत्रावर चहूकडून घाव पडत असताना आपणही वेकोलिला लक्ष्य करावे काय, असे कित्येक जुने कामगार कार्यकर्ते विचारतात. त्यांची काळजी खरी आहे. १९७३ चा राष्ट्रीयीकरण कायदा २०१८ च्या जानेवारीत रद्द झाला, तोही शंभरावर जुन्या, निरुपयोगी ठरवलेल्या कायद्यांच्या गठ्ठ्यात बांधून. २०२० मध्ये खासगी कंपन्यांसाठी व्यापारी खाणकामाचे लिलाव सुरू झाले. २०२२ मध्ये कोल इंडियाच्या बंद पडलेल्या वीसेक खाणी महसुलातील वाट्याच्या बोलीवर खासगी हातांत देण्याची योजना आली. माती उपसण्याचे काम तर केव्हाच ठेकेदारांकडे गेले आहे. पण हे सारे घडत असताना खाणीभोवतालची गावे रस्त्यावर का आली नाहीत, हा प्रश्न कामगार संघटनांनी स्वतःला विचारायला हवा. सार्वजनिक मालमत्ता जनतेला आपली वाटत नसेल, तर तिच्या रक्षणासाठी जनता का उभी राहील? वेकोलिने आपल्या शेजाऱ्याला पन्नास वर्षे अर्जदार म्हणूनच वागवले. ज्या दिवशी कंपनीवर गंडांतर आले, त्या दिवशी अर्जदार घरीच बसला.

परदेशातील अनुभवही या बाबतीत बोलका आहे. जर्मनीच्या रुर खोऱ्यात, एसेन येथील त्सोलफेराइन ही खाण १९८६ मध्ये बंद पडली. तिची जागा प्रांतिक सरकारने घेतली, २००१ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. देशातील शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ मध्ये बंद झाली, तोवर कामगारांना टप्प्याटप्प्याने निवृत्ती आणि पर्यायी काम देण्याची व्यवस्था झाली होती. खाणीतील पाणी अनंत काळ उपसत राहण्याच्या खर्चासाठी २००७ मध्येच स्वतंत्र निधी उभारला गेला. हे जर्मन भांडवलदारांच्या दयेने घडले नाही. १९५१ च्या कायद्याने तेथील कोळसा व पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळांवर कामगार प्रतिनिधींना मालकांच्या बरोबरीच्या जागा मिळालेल्या होत्या. इंग्लंडमध्ये याच्या उलट झाले. तेथे १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडून काढला गेला. ज्या ऑरग्रीव्हला १८ जून १९८४ रोजी घोडेस्वार पोलिसांनी संपकऱ्यांना झोडपले, त्या जागेवर आज वेव्हर्ली नावाची नवी घरांची वसाहत आहे.

कामगार आणि प्रकल्पग्रस्त यांच्या संघटनांनी म्हणूनच मागणी निःसंदिग्ध शब्दांत मांडली पाहिजे. ज्या गावाची जमीन गेली त्या गावच्या ग्रामसभेच्या ठरावाशिवाय कोळसा संपलेल्या जमिनीचा एकही भाडेपट्टा होता कामा नये. पट्ट्याचा पहिला हक्क प्रकल्पग्रस्तांच्या आणि खाणकामगारांच्या सहकारी संस्थांचा असावा. खाणबंदीच्या खात्यात किती रक्कम जमा आहे, त्यातून किती उचलली गेली आणि तिने किती एकर जमीन खरोखर पिकाखाली आली, याचा हिशेब दरवर्षी गावात वाचून दाखवला जावा, आणि तो वाचायला कंपनीच्या क्षेत्रीय महाव्यवस्थापकाने स्वतः यावे. ठेकेदाराकडे माती उपसणाऱ्या कामगाराचे नाव बंदीच्या योजनेत नोंदले जावे. आज त्याची गणती ना कायम कामगारांत होते, ना प्रकल्पग्रस्तांत. आणि पडघ्याच्या तारेच्या या टोकाला, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात, वीजदरवाढीविरुद्ध निघणाऱ्या प्रत्येक मोर्चाच्या पत्रकात या मागण्या छापल्या जाव्यात. चंद्रपूरच्या शेतकऱ्याने आपली बाजू मांडायला बदलापूरला यावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार त्याची वीज वापरणाऱ्यांना नाही.