‘होते सवय’ म्हणणाऱ्यांना

सोलापुरात एक युक्तिवाद फार जुना आहे. पुण्याला गेलेली पोरं दिवाळीत घरी आली की तो नव्यानं ऐकू येतो. पोरगा म्हणतो, झोप लागत नाही, कशात जीव रमत नाही, परतीची गाडी जवळ आली की पोटात गोळा येतो. त्यावर घरातलं जाणतं माणूस सांगतं: तुझे पणजोबा तेलंगणातून आले, मागावर बसले, घर उभं केलं. त्यांना कधी नैराश्य आलं होतं का? मन घट्ट कर. होते सवय.

हा पूर्वपक्ष थट्टेवारी नेण्यासारखा नाही. सोलापूर हे बाहेरून आलेल्यांनीच घडवलेलं शहर आहे. करीमनगर, वरंगळकडचे पद्मशाली विणकर इथे आले. १८७७मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलनं आणि पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांनी आसपासच्या जिल्ह्यांतली, कर्नाटकातली माणसं ओढून आणली. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच चौकात ऐकू येणाऱ्या या शहराला गाव सोडण्याची भीती घालणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे.

पण पणजोबा आले कसे, हे या युक्तिवादात सोयीनं गाळलेलं असतं. ते एकटे आले नाहीत, किंवा एकटे आले तरी फार काळ एकटे राहिले नाहीत. पाठोपाठ भाऊ आला, मेहुणा आला, त्याच गावची दहा घरं आली. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक हा सगळा पूर्व भाग तेलुगू बोलत उभा राहिला. तेलुगू माध्यमाच्या शाळा निघाल्या. कुलदैवत मार्कंडेयाचं मंदिर झालं आणि नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघू लागला. माग घरातच, त्यामुळे कांडी भरणारी बायको आणि विणणारा नवरा एकाच छपराखाली. सुना तेलंगणातून येत राहिल्या, म्हणजे मूळ गावाचा रस्ताही चालू राहिला. मुलूख बदलला, पण भाषा, देव, धंदा आणि सोयरीक या चारही गोष्टी सोबत आल्या. पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या किंवा सहा महिन्यांच्या करारावर राबणाऱ्या पोराकडे यांतलं काय आहे? पणजोबांचा दाखला त्याला लागू पडत नाही. उलट तो त्याच्याच बाजूनं साक्ष देतो.

शिवाय ज्यांना सवय झाली त्यांचेच पणतू आज हे सांगायला उरलेत. जे कोलमडले, परत गेले, दारूत संपले, त्यांची कहाणी सांगायला दिवाळीत कोण बसतं?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: कोलमडतो तो मुळातच कच्चा असतो. याला शास्त्राची झालरही आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियनांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण मायदेशापेक्षा जास्त असल्याचं मानसोपचारतज्ज्ञ ओडेगार्ड यांनी १९३२मध्ये दाखवलं आणि कारण दिलं ते हेच. ज्यांचं मन मुळात अस्थिर, तेच देश सोडतात. पुढे नेदरलँड्समध्ये या तर्काची परीक्षा झाली. १९७५च्या स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरिनामच्या लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा तिकडे गेला होता. संशोधक सेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये हिशेब मांडला की, समजा सुरिनामचा एकूण एक माणूस नेदरलँड्सला गेला असता, तरी तिथे दिसलेल्या जादा आजाराचा उलगडा होत नाही. मग २००५मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीत या आजाराचा धोका सुमारे २.७ पट आणि दुसऱ्या पिढीत ४.५ पट भरला. दुसऱ्या पिढीनं तर स्थलांतर केलेलंच नव्हतं. ती तिथेच जन्मली होती. कच्चेपणाचा सिद्धांत इथे पुरता आडवा होतो. (हे आकडे वर्णद्वेष सोसणाऱ्या परदेशस्थांचे आहेत. ते जसेच्या तसे सोलापूर-पुणे रस्त्यावर आणून टाकायचे नाहीत.)

याच संशोधनातला एक धागा मात्र थेट आपल्या पूर्व भागात येऊन पोचतो. दक्षिण लंडनमधल्या वस्त्यांचा २००१मधला एक अभ्यास सांगतो की, ज्या वस्तीत वांशिक अल्पसंख्याकांचं प्रमाण कमी, तिथे त्यांच्यात स्किझोफ्रेनिया अधिक. आपल्यासारखी माणसं दाट असली की धोका उतरतो. सोलापूरच्या विणकरांनी हे कुठल्याही अभ्यासाविना साधलं होतं. पुण्यात गेलेले सोलापूरकर हडपसर, मांजरीच्या बाजूला घरं बघतात ते सोलापूर रस्त्याच्या सोयीसाठी, असं आपण समजतो. पण सोय ती एवढीच का?

आता उलट्या बाजूच्या मंडळींकडेही वळलं पाहिजे. ‘गाव सुटलं की मन मोडतं’ हा हळवा सूर त्यांचा, आणि तोही मला मान्य नाही. गाव सगळ्यांसाठी एकसारखं कधी होतं? वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला शहराची अनोळखी गर्दी हाच मोकळा श्वास होता. बाबासाहेबांनी खेड्याचं कौतुक नाकारलं ते उगीच नव्हे. आणि एका जागी राहणं म्हणजेच मनाचं आरोग्य असेल, तर सोलापूरच्या सेटलमेंटचं काय करायचं? गुन्हेगार जमाती कायद्याखाली पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या जमातींना इथे तारांच्या कुंपणात ‘स्थिर’ केलं गेलं. हजेरी द्यायची, परवानगीविना बाहेर पडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, पण जन्मतःच गुन्हेगार ठरवलं जाण्याची धास्ती त्याच तारखेला गेली, असं कुणी म्हणणार नाही. तिथे आपली माणसं आजूबाजूला होती. नव्हती ती जाण्या-येण्याची मुभा.

ऊसतोडीचंही तसंच. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आणि हंगामात बीडकडून टोळ्याच्या टोळ्या इथे उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, फडाशेजारी कोपी. म्हणजे सोबत आहेच. पण मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत मागे फिरता येत नाही. म्हातारे आणि शाळेतली पोरं गावी अडकलेली, आणि आजारी पडून एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जाण्याची टांगती तलवार. या माणसाला ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला देणाऱ्या समुपदेशकानं आधी उचलीचा हिशेब वाचावा.

म्हणून माझी बाजू अशी: मनाला इजा होते ती अंतरामुळे नाही. सोबत तुटली किंवा परतीची वाट बंद झाली, की होते. दोन्ही एकदम झालं तर विचारायलाच नको, आणि ते उजनीत झालं. भीमेवरच्या धरणाचं काम साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, १९८०मध्ये ते पुरं झालं. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला तो १९७६मध्ये. करमाळा, इंदापूरच्या काठची गावं पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, लोक बघायला जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात. पुनर्वसनाच्या कायद्यांत जमीन आहे, भूखंड आहे, नागरी सुविधांत रस्ता, शाळा, पाणी, स्मशानभूमीसुद्धा आहे. शेजार मात्र नाही. एका आळीतली घरं नव्या गावठाणातही एकत्र बसवावीत, याला सरकारला जादा एक गुंठाही लागला नसता.

हे स्वप्नरंजन म्हणणाऱ्यांनी सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन यावं. विडी वळणाऱ्या बायकांनी संघटना करून, कामगार नेते आडम मास्तरांच्या पुढाकारानं, गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत मिळवली. २००६मध्ये किल्ल्या हातात पडल्या. शहरातल्या पेठा सोडून त्या माळावर आल्या, हेही स्थलांतरच. पण मागून घेतलेलं, आणि गल्लीच्या गल्ली मिळून केलेलं. तिथे दुःखं नाहीत असं नाही. विडीच्या धुरळ्यानं छाती भरते ती तिथेही भरते. फरक इतकाच की खोकला ऐकणारी शेजारीण जुनीच आहे.

राहता राहिला ‘हे सगळं मोजलंय कुणी?’ हा सरकारी प्रश्न. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. मोजलं नाही म्हणून दुखणं नाही, हा तर्क निदान आपल्या राज्यानं करू नये. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. तो गाळपाच्या हंगामात प्रत्येक कारखान्याच्या वजनकाट्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला रंगाचा एक डबा पुरे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला माणूस आठवड्यातून एकदा फडावर जावा आणि पूर्व भागात बसणाऱ्याला तेलुगू यावं. पैसा कुठून आणायचा म्हणाल, तर ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलेलंच आहे. त्यांतला एक रुपया यासाठी बाजूला काढा.