जिप्सीचं इंजिन उघडलंय? कॅम जपून निवडा

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने 20 वर्षांवरच्या गाड्यांचं नोंदणी नूतनीकरण महाग केलं. कारसारख्या हलक्या मोटारींचं शुल्क तेव्हा 5,000 वरून 10,000 रुपये झालं, जीएसटी वेगळा. माझ्या मामाची जिप्सी 2005 ची. पासिंग तोंडावर, त्यात गाडी ऑइल खात होती, म्हणून फुल इंजिन काम निघालं. हेड उतरल्यावर मीच मामाला म्हणालो, "आता उघडलंच आहे तर परफॉर्मन्स कॅम टाकू या ना!"

नंतर नीट वाचलं आणि माझंच मत बदललं. का, ते सांगतो.

कॅमशाफ्ट ठरवतो की व्हॉल्व्ह कधी उघडणार, किती उघडणार आणि किती वेळ उघडा राहणार. हा वेळ क्रँकच्या अंशांत मोजतात, त्याला ड्युरेशन म्हणतात. ड्युरेशन वाढवलं की वरच्या आरपीएमला इंजिन जास्त हवा घेतं आणि ताकद वाढते. पण एक्झॉस्ट बंद होण्याआधीच इनटेक उघडतो, आणि दोन्ही एकत्र उघडे असण्याचा काळही वाढतो. हाच ओव्हरलॅप. कमी आरपीएमला त्या फटीतून जळलेला वायू परत आत शिरतो आणि ताजं मिश्रण पातळ होतं. शिवाय इनटेक उशिरा बंद झाल्यामुळे घेतलेली थोडी हवा पिस्टन वर येताना बाहेर ढकलली जाते. मग आयडलला गाडी थरथरते आणि खालून पिकअप जातो.

आता जिप्सीचं इंजिन बघा. 1.3 लिटर, 16 व्हॉल्व्ह, एकच कॅम. 80 बीएचपी 6,000 आरपीएमला आणि 103 एनएम टॉर्क 4,500 ला. म्हणजे कंपनीतूनच ही गाडी 'वरून' ओढणारी आहे. मामा रोज हडपसरच्या ट्रॅफिकमधून जातो, रविवारी मावळात चिखलात घालतो. दोन्हीकडे सुई बहुतेक वेळ 3,000 च्या खालीच. गरम कॅम टाकला तर जिथे आधीच कमी आहे तिथूनच आणखी काढून घेणार आणि जिथे मामा कधी जातच नाही तिथे देणार.

माझ्या कामाशी जुळणारा मुद्दा ईसीयूचा. या इंजिनात हवा थेट मोजत नाहीत. मॅनिफोल्डमधला दाब आणि आरपीएम बघून ईसीयू हवेचा अंदाज बांधतो. ते कोष्टक मूळ कॅमसाठी लिहिलेलं आहे. ओव्हरलॅप वाढला की व्हॅक्युम पडतो, ईसीयूला वाटतं लोड वाढलाय, आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. कोड बरोबर, इनपुट चुकीचं. ब्रेक बूस्टरही याच व्हॅक्युमवर चालतो, हे घाट उतरताना लक्षात राहू द्या.

आणि पीयूसी. आयडलला बीएस-3 पेट्रोल कारला सीओ 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएमची मर्यादा आहे, बीएस-4 ला 0.3 टक्के आणि 200 पीपीएम. आरसीवर कॅमचा रकाना नसतो, पण मशीनला तो लपत नाही. 10,000 भरून पासिंगला नेलेली गाडी यात अडकली तर मामा मला घरात घेणार नाही.

तरी कॅम बदलायचाच असेल, म्हणजे जुन्याचे लोब झिजले असतील, तर मूळ मापाचा किंवा त्याच्या अगदी जवळचा घ्या. विकणाऱ्याने ड्युरेशन सांगितलं की विचारा, कुठल्या लिफ्टला मोजलंय? व्हॉल्व्ह जेमतेम हलला तिथून मोजलं तर एक आकडा येतो, 1 मिलिमीटर किंवा 0.050 इंचापासून मोजलं तर तोच कॅम कितीतरी अंशांनी लहान दिसतो. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. दोन लोबमधला कोन मोठा असलेला कॅम निवडा, म्हणजे ओव्हरलॅप कमी. एकाच कॅमच्या इंजिनात हा कोन घडवतानाच ठरतो, नंतर बदलता येत नाही. खड्डे पडलेले जुने रॉकर नव्या कॅमवर चढवू नका, तो काही दिवसांत खाल्ला जाईल.

एक गोष्ट मात्र मला कुठल्याच व्हिडिओत दिसली नाही, लेथवाल्याने सांगितली. हेड प्लेन करताना मटेरियल निघतं, कॅम क्रँकच्या जवळ येतो, आणि टायमिंग बेल्टच्या ओढणाऱ्या बाजूची लांबी कमी झाल्याने कॅम थोडा मागे पडतो. खुणा जुळलेल्या दिसतात, पण टॉर्क वरच्या आरपीएमकडे सरकतो. "इंजिन केल्यापासून गाडी मेली" या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. हेड जास्त घासलं असेल तर कॅम डिग्री चाकाने तपासून घ्या. फरक निघाला तर अ‍ॅडजस्टेबल पुली लावून कॅम पुढे घेता येतो.

मामाच्या कॅमचे लोब मायक्रोमीटरने मोजले, मापात निघाले. तोच परत बसवला. वाचलेले पैसे व्हॉल्व्ह सीट आणि नव्या गाईडमध्ये गेले. पुढच्या आठवड्यात पीयूसी आहे.